एडीसी तपासण्याआधी इनपुट साफ करून घेताना

सर्वांत आधी एक आकडा कागदावर मांडा. आदर्श एडीसीचा, म्हणजे अ‍ॅनालॉग सिग्नलचे डिजिटल आकडे करणाऱ्या चिपचा, सिग्नल-टू-नॉइज रेशो (एसएनआर) म्हणजे बिटांची संख्या गुणिले ६.०२, अधिक १.७६ डेसिबल. १४ बिटांना तो ८६ येतो, १६ बिटांना ९८. मग सिग्नल जनरेटरची डेटाशीट उघडा. आरएफ जनरेटरचे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल) पुष्कळदा मूळ सिग्नलच्या ३० ते ४० डेसिबलच खाली असतात. असा सिग्नल थेट जोडला, तर मोजमाप जनरेटरचंच होतं आणि खापर चिपवर फुटतं.

म्हणून मध्ये बँडपास फिल्टर हवा, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा ठरावीक पट्टाच पुढे सोडणारा. लो-पासनं हार्मोनिक दबतात, पण त्याच्या पासबँडमधला सगळा नॉइज आत येतो. फ्रिक्वेन्सी मात्र फिल्टर हाताशी ठेवूनच ठरवा. कोहेरंट सॅम्पलिंगसाठी, म्हणजे कॅप्चरमध्ये पूर्ण आवर्तनंच बसावीत म्हणून, १०० मेगाहर्ट्झ क्लॉक आणि ६५,५३६ सॅम्पल घेतले, तर १० मेगाहर्ट्झच्या जवळ ६५५३ पूर्ण आवर्तनं बसतात, म्हणजे सुमारे ९.९९९०८ मेगाहर्ट्झ. ही फ्रिक्वेन्सी फिल्टरच्या पासबँडमध्ये आरामात बसते ना, हे नेटवर्क अ‍ॅनालायझरवर पाहून घ्या. लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नका. सिग्नलचा आणि क्लॉकचा असे दोन्ही जनरेटर एकाच १० मेगाहर्ट्झ रेफरन्सला लॉक करा.

आता खरी काळजी घ्यायची ती फिल्टरचीच, आणि नेमकी इथंच घाई होते. फेराइट कोअरचे इंडक्टर मोठ्या सिग्नलला स्वतःच हार्मोनिक तयार करतात, एक्स७आर प्रकारचे सिरॅमिक कपॅसिटरही तेच करतात. फिल्टर स्वतः बांधत असाल तर एअर-कोअर इंडक्टर आणि सी०जी प्रकारचे कपॅसिटर वापरा. एडीसीचा सॅम्पलिंग कपॅसिटर प्रत्येक सॅम्पलला इनपुटवर झटका परत मारतो आणि तो फिल्टरवर आदळतो. म्हणून फिल्टर आणि बोर्ड यांच्यामध्ये ३ किंवा ६ डेसिबलचा पॅड (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर) ठेवा. पॅड आणि फिल्टर मिळून जेवढा सिग्नल खातात, तेवढा जास्तीचा जनरेटरला देता आला पाहिजे. एडीसीपाशी −१ डीबीएफएस (पूर्ण मर्यादेच्या १ डेसिबल खाली) मिळायला हवं. शंका आली तर पॅड फिल्टरच्या मागून पुढे, जनरेटरच्या बाजूला घ्या. एडीसीपाशी लेव्हल तीच राहते, फिल्टरवरची उतरते. हार्मोनिक बदलले, तर संशय चिपवर नको. फिल्टर किंवा मॅचिंग तपासा.

क्लॉकलाही फिल्टर लागतो, हे विसरू नका. १०० मेगाहर्ट्झ इनपुटवर क्लॉकमध्ये १ पिकोसेकंद जिटर (वेळेतली थरथर) असेल, तर एसएनआर ६४ डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही, मग चिप कितीही बिटांची असो. फिल्टरमधून आलेली साइन मोठ्या अ‍ॅम्प्लिट्यूडची ठेवा, नाहीतर तिची कड मंदावते आणि जिटर पुन्हा वाढतो.

टू-टोन चाचणी (एकाच वेळी दोन फ्रिक्वेन्सी देऊन केलेली) असेल तर प्रत्येक जनरेटरला कंबायनरच्या आधी वेगळा फिल्टर लावा. शेवटी इनपुटला ५० ओहम टर्मिनेशन लावून एक कॅप्चर घ्या आणि तो नॉइज फ्लोअर नोंदवहीत लिहून ठेवा.