कॉइलओव्हर कसे निवडावेत: बीएमडब्ल्यू एम२ समोर ठेवून

कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर (शॉकअप) यांचा असा संच, ज्यात कारची उंची बदलता येते. गाडी फक्त खाली दिसायला हवी असेल, तर कॉइलओव्हर घेऊ नका. लोअरिंग स्प्रिंग बऱ्याच कमी पैशांत मिळतात आणि फोटोत फरक कळत नाही. कॉइलओव्हर त्यांच्यासाठी, ज्यांची कार एरवी मुंबई-पुण्यात फिरते आणि अधूनमधून रेसट्रॅकवर, म्हणजे कोइमतूरच्या कारीला, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला जाते. एकाच सस्पेन्शनकडून ही दोन्ही कामं करून घ्यायची म्हणजे तडजोड आलीच, आणि ती कुठे करायची हे दुकानदाराने ठरवू नये.

उदाहरणाला एफ८७ पिढीची एम२ काँपिटिशन घेतो. भारतात ती २०१८ मध्ये आली. वजन साधारण १५५० किलो, व्हीलबेस २६९३ मिमी, आणि मूळ डॅम्पर साधे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नाहीत. नव्या जी८७ एम२सारखे अडॅप्टिव्ह, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, डॅम्पर तुमच्या कारमध्ये असतील, तर वायर काढताच डॅशबोर्डवर एरर येतो. तो एरर बंद करणारं कॅन्सलेशन मॉड्यूल किटसोबत येतं का, ते पहिल्याच फोनवर विचारून घ्या.

पायरी १: कारची मांडणी बघा

एम२ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. तिथे स्प्रिंग डॅम्परभोवतीच बसते. मागे मल्टिलिंक (अनेक आर्मची मांडणी) आहे, आणि तिथे स्प्रिंग वेगळी, डॅम्पर वेगळा. किटचं नाव कॉइलओव्हर असलं तरी चांगल्या किटमध्ये मागची ही मांडणी तशीच ठेवतात आणि उंची स्प्रिंगच्या बैठकीवर बदलतात. काही किट मागेही स्प्रिंग डॅम्परवर चढवतात आणि ‘ट्रू कॉइलओव्हर’ म्हणून ती जास्त पैशांना विकली जातात. पण मग कारच्या मागच्या भागाचं वजन बॉडीच्या अशा जागेवर येतं, जी कंपनीने फक्त डॅम्परचं बळ झेलायला बनवली आहे. तिथे रीइन्फोर्समेंट करणार नसाल, तर या किटच्या वाटेला जाऊ नका.

पायरी २: किती खाली, हे स्पीडब्रेकरला विचारा

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे बांधलेला गोल स्पीडब्रेकर १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. एम२ची चारही चाकं एकाच वेळी त्यावर मावतात. तेव्हा दोन ॲक्सलच्या मधोमध रस्ता चाकांच्या पातळीपेक्षा सुमारे ५३ मिमी वर येतो. म्हणजे मानक पाळलेला असेल, तर बरीच खाली घेतलेली कारही हळू नेल्यास निघून जाते. अडचण आहे ती सोसायटीच्या गेटसमोर रातोरात उगवणाऱ्या अरुंद उंचवट्यांची. तिथे पुढची चाकं उतरून गेलेली असतात, मागची चढलेली नसतात आणि पोटाखाली पूर्ण उंचवटा असतो. तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा असा सर्वांत वाईट उंचवटा टेप लावून मोजा. त्यावर किमान २० मिमी मोकळे ठेवा. उरलेली जागा हीच खाली घेण्याची मर्यादा.

मर्यादेला दुसरंही कारण आहे. मॅकफर्सन स्ट्रटची कार जास्त खाली घेतली, की चाकाला खालून धरणारा लोअर आर्म आडवा होऊन मग उलट्या दिशेला झुकतो. रोल सेंटर (वळणात कार ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातं आणि वळणात कार उलट जास्त कलते. स्प्रिंग कडक असूनही कार आधीपेक्षा आळशी वाटते, ती यामुळे. पुढे २० ते २५ मिमीपेक्षा जास्त खाली जायचं असेल, तर रोल सेंटर सुधारणारे बॉल जॉइंट किमतीत धरा. मी बहुतेकांना १५ मिमीवर थांबायला सांगतो. बहुतेक जण ऐकत नाहीत.

पायरी ३: स्प्रिंग आणि ट्रॅव्हल

सगळा खेळ इथे आहे, आणि सर्वांत जास्त चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. मला स्वतःला हा टप्पा नीट समजायला वेळ लागला, कारण विकणारे फक्त स्प्रिंगचा आकडा (ती ठरावीक अंतर दाबायला लागणारं बळ) सांगतात. तो आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्यातून जर्मन कंपन्या न्यूटन प्रति मिमी लिहितात, जपानी किलो प्रति मिमी, अमेरिकन पौंड प्रति इंच. १ किलो प्रति मिमी म्हणजे ९.८१ न्यूटन प्रति मिमी, म्हणजेच ५६ पौंड प्रति इंच. आधी सगळे आकडे एका एककात आणा.

मग चाकाला प्रत्यक्षात किती कडकपणा जाणवतो, ते काढा. चाक १० मिमी वर गेल्यावर स्प्रिंग किती मिमी दबते, हे गुणोत्तर म्हणजे मोशन रेशो. स्प्रिंगच्या आकड्याला त्याच्या वर्गाने गुणायचं. वर्ग अशासाठी, की त्या प्रमाणात अंतरही घटतं आणि बळही. पुढे स्ट्रटला हे गुणोत्तर ०.९५ धरलं आणि स्प्रिंग ६० न्यूटन प्रति मिमीची असली, तर चाकाला ५४ मिळतात. मागे स्प्रिंग आर्मवर आतल्या बाजूला बसते. तिथे गुणोत्तर समजा ०.६ असेल, तर १५० ची स्प्रिंगही चाकाला ५४च देते. ‘मागे १५०? पाठ मोडेल!’ असं सांगणाऱ्याने हा गुणाकार केलेला नसतो.

आता फ्रिक्वेन्सी, म्हणजे कार स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वर-खाली डुलते. चालकासकट एम२च्या पुढच्या एका चाकावर सुमारे ३७५ किलो आणि मागच्या एका चाकावर ३४० किलो स्प्रंग वजन (स्प्रिंगने पेललेलं वजन) येतं असं धरू. ५४ न्यूटन प्रति मिमी म्हणजे ५४,००० न्यूटन प्रति मीटर. ५४,००० भागिले ३७५, त्याचं वर्गमूळ, भागिले ६.२८: पुढे १.९ हर्ट्झ. त्याच हिशोबाने मागे २.० हर्ट्झ. आरामदायी सेडान १ ते १.५ मध्ये असते, रस्त्यावरची स्पोर्ट्स कार १.५ ते २ मध्ये, स्लिक (खाचा नसलेल्या) टायरची ट्रॅक कार २ ते २.५ मध्ये. आपल्या रस्त्यांवर रोज चालवायची असेल तर २ च्या वर जाऊ नका. मागचा आकडा पुढच्यापेक्षा थोडा जास्त ठेवा. खड्डा पुढच्या चाकाला आधी लागतो, मागचं टोक जरा लवकर हललं की कारचं नाक-शेपूट डुलणं पटकन थांबतं. किटवाला मोशन रेशो किंवा फ्रिक्वेन्सी सांगू शकत नसेल, तर त्याने किट या कारसाठी बनवलेलं नाही, फक्त त्याचे ब्रॅकेट या कारला बसतात.

आता ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली हलायला मिळणारं अंतर. वरच्या पुढच्या स्प्रिंगवर कार आपल्या वजनाने सुमारे ६८ मिमी बसते. आहे त्या वजनाइतकाच आणखी भार एखाद्या खड्ड्यात आला, तर आणखी ६८ मिमी लागतील. किटचा डॅम्पर आखूड केलेला नसेल आणि तुम्ही ३० मिमी खाली गेलात, तर बंप स्टॉप (शेवटी चाकाला अडवणारा फोमचा ठोकळा) पंधरा-वीस मिमीवर येऊन ठेपतो. मग तुम्ही हजारो रुपयांच्या स्प्रिंगवर नाही, मुठीएवढ्या फोमवर बसून कार चालवता. वळणाच्या मध्यात पुढचा स्टॉप लागला की कार बाहेर ढकलली जाते, मागचा लागला की शेपूट अचानक सुटते. लोक म्हणतात ‘डॅम्पर कडक आहे’ आणि डॅम्परच्या नॉबचे क्लिक फिरवत बसतात. क्लिकने काही होत नाही, कारण डॅम्परचा तिथे संबंधच नसतो.

म्हणून विकत घेण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: डॅम्परचा एकूण स्ट्रोक (दांड्याची पूर्ण धाव), सुचवलेल्या उंचीवर बंप स्टॉपपर्यंतचं अंतर, आणि त्याच उंचीवर चाक खाली किती लटकू शकतं ते. माझा आग्रह असा, की चाकाशी वर आणि खाली दोन्हीकडे किमान ५० मिमी मिळायलाच हवेत. कारवर बसवल्यावर स्वतः तपासा: स्प्रिंग काढून हब जॅकने उचला, स्टॉप टेकेपर्यंत मोजा. फार कडक स्प्रिंगचा उपद्रव इथेही होतो. चाकाशी ८० चा कडकपणा असेल, तर कार जेमतेम ४६ मिमी बसते, म्हणजे चाकाला लटकायलाही तेवढंच मिळतं. त्यावर प्रीलोड दिला, म्हणजे रिंग फिरवून स्प्रिंग आधीच दाबून ठेवली, की आणखी कमी.

आणि प्रीलोडचा हा गैरसमज एकदाचा काढून टाका. रिंग फिरवून स्प्रिंग दाबली की ती ‘कडक’ होत नाही. सरळ रेटच्या स्प्रिंगचा आकडा तोच राहतो. कार वर येते आणि चाकाचं लटकणं कमी होतं, एवढंच. तसंच, बंप स्टॉप कापून ट्रॅव्हल ‘वाढवणाऱ्या’ गॅरेजमधून कार लगेच बाहेर काढा. पिस्टन तळाला आदळला की शॉकअप संपला.

पायरी ४: बटणं किती हवीत

वाटतात त्यापेक्षा कमी. केडब्ल्यू कंपनीच्या व्ही१ मध्ये फक्त उंची बदलते, व्ही२ मध्ये रिबाउंडही (डॅम्पर लांबतानाचा विरोध), व्ही३ मध्ये रिबाउंड आणि कंप्रेशन (दबतानाचा विरोध) दोन्ही. बिलस्टाइन बी१६ मध्ये एकाच नॉबवर दहा टप्पे आहेत. ओलिन्स रोड अँड ट्रॅकलाही एकच नॉब. लो-स्पीड आणि हाय-स्पीड कंप्रेशन वेगळं देणारे डॅम्पर छान असतात, पण हा ‘स्पीड’ पिस्टनचा आहे, कारचा नाही, हे ज्याला समजावून सांगावं लागतं, त्याने ते घेऊ नयेत. मोनोट्यूब (एका नळीचा डॅम्पर) म्हणजे भारी आणि ट्विनट्यूब (दोन नळ्यांचा) म्हणजे हलका, हाही नियम नाही. व्ही३ ट्विनट्यूब आहे आणि खराब रस्त्यावर महागड्या मोनोट्यूबना लाजवतो.

सेटिंग नेहमी नॉब पूर्ण बंद (सर्वांत कडक) करून तिथून क्लिक मोजत करा. रिबाउंड फार बंद ठेवला तर सलग खड्ड्यांत चाकाला परत खाली यायला वेळ मिळत नाही आणि कार प्रत्येक खड्ड्यागणिक थोडी थोडी खाली बसत जाते. पावसाळ्यातल्या महामार्गावर कार ठोके द्यायला लागली, तर आधी रिबाउंड दोन क्लिक मोकळा करा.

पायरी ५: टिकाऊपणा आणि कागद

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, तर डॅम्परची बॉडी कशाची आहे ते विचारा. खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांनंतर रिंग फिरत नसेल, तर ‘ॲडजस्टेबल’ या शब्दाचे पैसे वाया. केडब्ल्यूच्या इनॉक्स-लाइनमध्ये स्टेनलेस स्टील मिळतं. वरच्या माउंटला रबर घ्या. पिलोबॉल (धातूचा गोलाकार सांधा) आपल्या धुळीत लवकर खुळखुळतो. रिबिल्ड कुठे होतो आणि सील सुटे मिळतात का, हे किट निवडण्याआधी विचारा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल मूळ रचनेतल्या बदलांबाबत कडक आहेत. विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

पायरी ६: बसवणं

रबर बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर असताना आवळा. आठवडाभर चालवा, उंची पुन्हा मोजा, मग अलाइनमेंट करा. कॉर्नर बॅलन्स (चारही चाकांवरचं वजन जुळवणं) चालकाच्या सीटवर तुमचं वजन ठेवूनच. मूळ स्प्रिंग-डॅम्पर गॅरेजमध्ये सोडू नका, घरी आणा; कार विकताना घेणारा आधी तेच विचारतो.