ब्राउझरवरचा हल्ला मेमरीतच अडवा

नाशिकमधल्या काही सीए मंडळींच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर मी सांभाळते. अँटिव्हायरस कोणता घेऊ, असं सगळे विचारतात. विंडोजमध्ये आधीपासून असलेलं संरक्षण चालू आहे का, हे कुणी बघत नाही.

ब्राउझरमधली चूक हेरून एखादं वेबपेज डेटाच्या जागेत स्वतःचा कोड उतरवतं आणि तिथूनच चालवू पाहतं. डीईपी, म्हणजे 'डेटा एक्झिक्युशन प्रिव्हेन्शन', त्या जागेतून काही चालूच देत नाही. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 2 पासून, म्हणजे 2004 पासून ते विंडोजमध्ये आहे. व्हिस्टात एएसएलआर (ॲड्रेस स्पेस लेआउट रँडमायझेशन) आलं. ते प्रोग्रामच्या मेमरीतल्या जागा बदलत राहतं, त्यामुळे हल्लेखोराला नेमका पत्ता लागत नाही.

विंडोज 10 किंवा 11 वर विंडोज सिक्युरिटी उघडा, 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये जा आणि सगळ्यात खालच्या 'एक्स्प्लॉइट प्रोटेक्शन सेटिंग्ज'वर क्लिक करा. 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये डीईपी आणि सीएफजी (कंट्रोल फ्लो गार्ड, हे प्रोग्रामला भलत्याच पत्त्यावर उडी मारू देत नाही) ऑन हवेत. 'फोर्स रँडमायझेशन फॉर इमेजेस' हे एएसएलआर न मानणाऱ्या प्रोग्रामवरही ते लादतं. ते मुळातच ऑफ असतं, तसंच राहू द्या. उत्साहाच्या भरात सगळंच ऑन केलं की जुने प्रोग्राम कोसळतात आणि मग फोन मला येतो.

आता टास्क मॅनेजरचा 'डिटेल्स' टॅब. कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून 'प्लॅटफॉर्म' आणि 'डेटा एक्झिक्युशन प्रिव्हेन्शन' हे कॉलम निवडा. ब्राउझरसमोर 32 बिट दिसलं, तर तो काढून 64 बिटचा टाका. 64 बिट प्रोग्रामला डीईपी कायम लागू असतं, शिवाय एएसएलआरला जागा बदलायला कितीतरी मोठं मैदान मिळतं.

एक फट मात्र उरते. जावास्क्रिप्ट वेगात चालावी म्हणून ब्राउझर स्वतःच मेमरीत नवा कोड तयार करतो. याला जेआयटी (जस्ट-इन-टाइम) म्हणतात, आणि त्याच्यासाठी डीईपीला वाट मोकळी ठेवावीच लागते. एजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये 'एन्हान्स युअर सिक्युरिटी ऑन द वेब' चालू करून 'बॅलन्स्ड' निवडा. तुम्ही क्वचित जाता त्या साइटवर मग जेआयटी बंद राहतं. 'स्ट्रिक्ट' मी टाळते. ऐन रिटर्नच्या दिवसांत एखादं पोर्टल अडून बसलं, तर कोण निस्तरणार?

'डिव्हाइस सिक्युरिटी'तलं 'मेमरी इंटिग्रिटी' ब्राउझरपुरतं नाही, ते विंडोजचा गाभा राखतं. ते चालू होत नसेल तर आड येणाऱ्या ड्रायव्हरची (जोडलेली उपकरणं चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) यादी विंडोजच दाखवतं. त्यात डिजिटल सहीच्या टोकनचा जुना ड्रायव्हर निघाला, तर आधी त्याचा नवा ड्रायव्हर टाका, मग 'मेमरी इंटिग्रिटी' चालू करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.