‘इतक्या हजार वर्षांपूर्वीचे’ : शोधनिबंधातले वय कसे तपासावे

गोव्यात कुशावतीच्या काठी पणसायमळच्या कातळशिल्पांचे वय विचारा, प्रत्येक जण वेगळा आकडा सांगेल. असा आकडा पुढे पाठवण्याआधी तो कोणत्या संशोधनपत्रिकेत आला आहे, ते शोधा.

निबंध मिळवणे सोपे आहे. बातमीतले लेखकाचे नाव आणि वर्ष गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधायच्या संकेतस्थळावर टाका. पत्रिका पैसे मागत असेल तर लेखकाला ईमेल करून प्रत मागा. भारतातल्या स्थळांसाठी ‘मॅन अँड एन्व्हायर्नमेंट’ आणि ‘पुरातत्त्व’ या पत्रिका आधी चाळा.

खरी अडचण येते ती कालमापनाशी. ‘सारांश आणि निष्कर्ष वाचले की पुरे’ हा सल्ला मुळीच ऐकू नका. थेट पद्धतीच्या विभागात जा आणि मोजले नेमके काय, ते बघा : हाड, शेजारचा कोळसा, की भोवतालची माती? ल्युमिनेसन्स या कालमापनाच्या पद्धतीत वाळूच्या कणांवर शेवटचे ऊन कधी पडले ते कळते. हत्यार कधी घडवले ते थेट कळत नाही. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या ठेंगण्या मानवाला 2004 साली ‘नेचर’मध्ये सुमारे 18,000 वर्षांपूर्वीचा ठरवले होते. 2016 मध्ये त्याच पत्रिकेत त्याच्या हाडांचे वय 60,000 ते 1,00,000 वर्षे आले. हाडे तीच होती. आधी मोजलेला कोळसा मात्र जुना थर झिजल्यावर वर साचलेल्या नव्या गाळातला निघाला. म्हणून थरांची आकृती पाहा आणि नमुना नेमका कुठून उचलला, त्यावर बोट ठेवा.

मग ± कडे, म्हणजे आकडा किती मागेपुढे असू शकतो त्याकडे, वळा. तमिळनाडूतल्या अत्तिरम्पक्कम या अश्मयुगीन स्थळाच्या 2018 च्या निबंधात 3,85,000 ± 64,000 वर्षे आहेत, म्हणजे 3,21,000 ते 4,49,000. बातमीत फक्त मधला आकडा उरतो. कार्बन-14 (सजीवांच्या अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणे) असेल तर वय कॅलिब्रेट केलेले, म्हणजे खऱ्या वर्षांशी जुळवून घेतलेले, आहे का ते बघा. न केलेल्या वयात हजारो वर्षांचा फरक पडू शकतो. ‘बीपी’ची (‘बिफोर प्रेझेंट’, म्हणजे आजच्या आधी) मोजणी 1950 पासून मागे जाते. सुमारे 50,000 वर्षांपलीकडे कार्बन-14 चालत नाही.

पणसायमळसारख्या कातळशिल्पांत मात्र जांभ्यात कोरलेल्या रेषेत कार्बन नसतो, आणि जांभ्याचे वय म्हणजे कोरीवकामाचे वय नव्हे. शैलीवरून काढलेला काळ हा अंदाज आहे. तो अंदाज म्हणूनच लिहा.

शेवटी, गूगल स्कॉलरवर निबंधाखालच्या ‘सायटेड बाय’वर (त्याचा संदर्भ देणाऱ्या निबंधांची यादी) टिचकी मारून नंतरचे आक्षेप आणि दुरुस्त्या वाचा.