शनिवारच्या सामन्याआधी प्रतिस्पर्धी वाचताना या चुका टाळा

५ ऑक्टोबर २०२४च्या शनिवारआधी, गुरुवारी रात्री, मी आमच्या अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलच्या मराठी मित्रमंडळींच्या ग्रुपवर, कॉलेज फुटबॉलमध्ये अलाबामाशी भिडणाऱ्या व्हँडरबिल्टबद्दल दोन ओळी टाकल्या होत्या. 'जॉर्जिया स्टेटकडून हरलेला संघ आहे. शनिवारी जेवण निवांत करा.' अलाबामाने आदल्याच आठवड्यात जॉर्जियाला ४१-३४ असं हरवून पहिला क्रमांक पटकावला होता, त्यामुळे ग्रुपवर कुणी हरकतही घेतली नाही. शनिवारी नॅशव्हिलला व्हँडरबिल्टने ४०-३५ असा सामना मारला. अलाबामाला त्यांनी हरवलं ते १९८४नंतर पहिल्यांदा, आणि पहिल्या क्रमांकाच्या संघाला हरवलं ते त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा. माझ्या त्या दोन ओळींचा स्क्रीनशॉट अजूनही दिवाळी फराळाला कुणीतरी बाहेर काढतं.

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा चेंडू डोळ्यांसमोर येतो. इथला कॉलेज फुटबॉल म्हणजे हेल्मेट, खांद्यावरची पॅडं आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड. प्रयत्नाला म्हणायचं डाऊन, त्यात आखलेल्या चालीला प्ले. नियमित मोसमात एका संघाचे बाराच सामने. म्हणजे ऑक्टोबरात तुमच्या हातात प्रतिस्पर्ध्याचे चार-पाच सामने असतात, आणि तेवढ्यावरून त्याचा ऑफेन्स (चेंडू पुढे नेणारी तुकडी) काय करेल, डिफेन्स (ती रोखणारी) कुठे फाटेल हे ठरवायचं. शिकायला इथे आलेली आपली बरीच पोरं पहिल्याच वर्षी या नादाला लागतात आणि मी केल्या त्याच चुका करतात.

संघाचं नाव बघितलं, माणसं बघितलीच नाहीत

माझी सगळ्यात मोठी चूक ही होती. व्हँडरबिल्टचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन ऑफेन्स चालवणारा, डिएगो पाव्हिया त्या मोसमात न्यू मेक्सिको स्टेटमधून आला होता. ऑफेन्सचे प्ले ठरवणारा टिम बेक तिथलाच. टाइट एंड (फळीच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा) एली स्टोअर्स तिथलाच. आणि तिथले मुख्य प्रशिक्षक जेरी किल, तेही व्हँडरबिल्टचे मुख्य प्रशिक्षक क्लार्क ली यांच्या हाताखाली सल्लागार म्हणून हजर. अख्खं बिऱ्हाडच हललं होतं म्हणा ना. मी मात्र व्हँडरबिल्टचे गेल्या वर्षीचे आकडे बघत बसलो होतो. नाव तेच, पण त्या ऑफेन्सचा या ऑफेन्सशी काडीचाही संबंध नव्हता.

बघायला हवी होती ती टेप नोव्हेंबर २०२३ची. याच न्यू मेक्सिको स्टेटने, याच पाव्हियाला घेऊन, ऑबर्नला त्यांच्याच मैदानावर ३१-१० असं धुतलं होतं. ऑबर्न आमच्याच राज्यात. मी तो सामना बघितलाही होता, हसलोही होतो. पण 'न्यू मेक्सिको स्टेट' हे लेबल डोक्यात वेगळ्या खणात पडलं आणि 'व्हँडरबिल्ट' वेगळ्या.

संघ बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष बाहेर बसवायचा नियम २०२१मध्ये सैल झाला, तेव्हापासून हे प्रकार वाढले आहेत. २०२३च्या पहिल्याच आठवड्यात टेक्सासमधल्या टीसीयू या कॉलेजची गत अशीच झाली. आदल्या मोसमात अंतिम सामन्यापर्यंत गेलेला हा संघ, आणि समोर कोलोरॅडो, आदल्या मोसमात बारापैकी एकच सामना जिंकलेला. पण नवे प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांनी तो संघ जवळजवळ मुळापासून नवा उभा केला होता. कोलोरॅडो ४५-४२ जिंकलं आणि त्यांचा क्वार्टरबॅक मुलगा शेड्यूर सँडर्सने ५१० यार्ड फेकले. त्याची टेपही होती, पण आधीच्या कॉलेजची, जॅक्सन स्टेटची.

म्हणून सुरुवात तीन प्रश्नांनी करायची. क्वार्टरबॅक गेल्या वर्षी कुठे होता? प्ले कोण ठरवतो? आणि तो गेल्या वर्षी कुठे होता? डिफेन्सलाही हाच नियम. कोऑर्डिनेटर (डावपेच ठरवणारा प्रशिक्षक) नवा असेल तर त्याच्या आधीच्या कॉलेजचे दोन सामने बघा, या कॉलेजचे जुने दहा बघू नका.

सामन्यामागे यार्ड हा आकडा

'हा संघ सामन्याला ४५० यार्ड काढतो' हे वाक्य ऐकायला भारदस्त, कामाला शून्य. झटपट खेळणारा संघ ऐंशी प्ले खेळतो, घड्याळ संपवत खेळणारा साठ. त्यात २०२३पासून फर्स्ट डाऊन झाल्यावर (दहा यार्ड पुरे होऊन नवे चार प्रयत्न मिळाल्यावर) घड्याळ थांबत नाही, फक्त दोन्ही हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. त्यामुळे त्याआधीच्या मोसमांशी सामन्यामागची तुलना तर बादच. यार्ड भागिले प्ले हा आकडा बघा.

त्याहून बरा हिशोब म्हणजे प्ले यशस्वी झाला की नाही. पहिल्या डाऊनला हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे मिळाले, दुसऱ्याला सत्तर टक्के मिळाले, तिसऱ्या-चौथ्याला सगळे मिळाले, तर प्ले यशस्वी. कागदावर बरोबर-चूक अशा खुणा करत गेलात तरी तासाभरात संघाचा स्वभाव कळतो.

आता एक खोच, जी मला दोन मोसम कळलीच नव्हती. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला पाडलं, म्हणजे सॅक झाला, की गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यात वजा होतात. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, ते संघाच्या पासिंगच्या खात्यातून जातात. समजा क्वार्टरबॅक दहा वेळा स्वतः पळाला आणि ६० यार्ड काढले. चार वेळा तो सापडला आणि ३२ यार्ड गेले. छापून काय येतं? १४ कॅरी (चेंडू घेऊन पळणं), २८ यार्ड, सरासरी २. वाचणारा म्हणतो, याला पळता येत नाही. प्रत्यक्षात तो पळतो तेव्हा सहा यार्ड काढतो. डिफेन्सच्या बाबतीत उलटं होतं: सॅक भरपूर करणारा संघ 'धाव रोखणारा' दिसतो, आणि खरं म्हणजे त्याच्या मधल्या फळीतून कुणीही चालत जाऊ शकतं. सॅक वेगळे काढल्याशिवाय धावण्याचा कुठलाही आकडा वाचू नका.

आणि प्लेमागे यार्डही सर्वज्ञ नाहीत. त्या शनिवारी अलाबामाचा ऑफेन्स चेंडू मिळाला की पळत सुटत होता. पण मिळाला किती वेळ? साठ मिनिटांपैकी बेचाळीस मिनिटं चेंडू व्हँडरबिल्टकडे होता आणि तिसऱ्या डाऊनला त्यांनी अठरापैकी बारा वेळा साखळी पुढे सरकवली, म्हणजे फर्स्ट डाऊन मिळवला. दोन स्नॅपमधले (स्नॅप म्हणजे चेंडू मागे देऊन प्ले सुरू करणं) चाळीस सेकंद शेवटपर्यंत वापरायचे, क्वार्टरबॅकच्या पायांवर तिसरा डाऊन काढायचा, पुन्हा घड्याळ. हे सगळं त्यांच्या आधीच्या चार सामन्यांत दिसत होतं. जॉर्जिया स्टेटकडून ३६-३२ हरताना दिसत होतं, मिझुरीकडून दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३०-२७ हरतानाही. मी निकाल वाचला, सामना वाचला नाही. शिवाय मधला आठवडा त्यांना सुट्टी होती आणि अलाबामा जॉर्जियाशी घाम गाळत होतं, हेही वेळापत्रकात छापलेलं होतं.

पाटा खेळपट्टीवरची शतकं

सप्टेंबरात मोठे संघ पैसे देऊन लहान संघांना घरी बोलावतात आणि ५६-३ असे सामने होतात. त्यातले आकडे मोसमाच्या सरासरीत नोव्हेंबरपर्यंत तरंगत राहतात. ते काढून टाका. उरलेल्या सामन्यांतूनही निकाल लागून गेल्यानंतरचा भाग वगळा: चौथ्या क्वार्टरात पंचवीस गुणांनी मागे असलेला संघ ऐंशी यार्ड काढतो, कारण समोर राखीव पोरं उभी असतात आणि त्यांना फक्त घरी जायचं असतं.

टीव्हीवर चेंडूच्या मागे धावणं

प्रशिक्षकांकडे मैदानावरचे बावीसही खेळाडू दिसतील असं चित्रण असतं. आपल्याकडे टीव्हीचं प्रक्षेपण, ज्यात सेफ्टी, म्हणजे डिफेन्सचे सगळ्यात मागचे गडी, बहुतेक वेळा चौकटीबाहेर. यावर उपाय म्हणजे स्नॅपच्या अर्धा सेकंद आधी थांबवायचं. चेंडूजवळच्या पट्ट्यात, ज्याला बॉक्स म्हणतात, डिफेन्सची डोकी मोजायची. सहा असतील तर मागे बहुधा दोन सेफ्टी आहेत, सात-आठ असतील तर एक किंवा तोही नाही. मग प्ले चालवायचा, आणि पहिल्या फेरीत चेंडूकडे बघायचंच नाही, ऑफेन्सच्या फळीतल्या गार्डकडे बघायचं. हे जमायला मला महिना लागला. डोळा चेंडूकडेच ओढला जातो.

माझ्या वहीतली एक ओळ अशी असते: '२रा डाऊन, ७ हवे, डावा हॅश, ११, शॉटगन, आरपीओ, +६.' यातल्या ११चा अर्थ एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) आणि एक टाइट एंड, म्हणजे उरलेले तीन रिसीव्हर (पास झेलणारे). शॉटगन म्हणजे क्वार्टरबॅक काही पावलं मागे उभा, आणि +६ म्हणजे सहा यार्ड मिळाले. चार सामन्यांत अशा अडीचशे ओळी होतात.

या ओळीतल्या दोन गोष्टी नवखे लोक हमखास गाळतात. एक हॅश, म्हणजे मैदानावरच्या खुणांच्या त्या दोन रेघा, ज्यांच्यावर किंवा ज्यांच्यामध्ये चेंडू ठेवून प्ले सुरू होतो. कॉलेजच्या मैदानावर हॅशच्या दोन रेघांमध्ये ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. मैदान १६० फूट रुंद, म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू हॅशवर ठेवला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट मोकळं रान. कुणाचा चांगला कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा) अरुंद बाजूला उभा राहतो, कोण रुंद बाजूलाच स्क्रीन पास (फळीमागचा छोटा पास) टाकतो, हे हॅश लिहिल्याशिवाय दिसतच नाही. 'यांना उजवीकडे पळायला आवडतं' असं वाटतं, आणि खरं तर त्यांना रुंद बाजूला पळायला आवडत असतं.

दुसरी गोष्ट आरपीओ, म्हणजे रन-पास ऑप्शन. ऑफेन्सची फळी धावेसाठी ढकलाढकली करते, क्वार्टरबॅक एका लाइनबॅकरवर (डिफेन्सच्या फळीमागचा गडी) डोळा ठेवतो, तो पुढे आला की त्याच्या डोक्यावरून पास. कॉलेजमध्ये ऑफेन्सच्या फळीतल्या लाइनमनला अशा पासवेळी तीन यार्ड पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये एकच, म्हणून हा प्रकार इथे जास्त फोफावला. टीव्हीवर तो साधा छोटा पास दिसतो आणि आपण 'पास' म्हणून खूण करतो. मग आकडेवारी सांगते की पहिल्या डाऊनला हा संघ निम्मे पास टाकतो. त्यातले अर्धे पास मुळात धावाच होत्या. फळीतले गडी पुढे ढकलतायत की मागे सरकतायत एवढं बघितलं तरी हा घोळ सुटतो.

तीनपैकी तीन म्हणजे शंभर टक्के नव्हे

'तिसरा डाऊन, दहाच्या वर हवे असताना हे नेहमी ब्लिट्झ करतात, जादा गडी क्वार्टरबॅकवर सोडतात.' किती वेळा बघितलंत? तीन वेळा. मी हल्ली आठाच्या खालच्या गोष्टी पेन्सिलीने लिहितो. निसटलेल्या चेंडूंचंही असंच: चेंडू पाडायला लावणं हे कसब असेल, पण जमिनीवर पडलेला लंबुळका चेंडू कुणाच्या अंगावर उसळेल हे देवालाच ठाऊक. चार सामन्यांत सगळे फम्बल ज्याला मिळाले, त्याला पाचव्यातही मिळतील असं धरून चालू नका.

सरासरीत न दिसणारी भगदाडं

२०२२च्या नोव्हेंबरात कोलंबसला, स्वतःच्या मैदानावर, ओहायो स्टेट मध्यंतराला मिशिगनच्या २०-१७ पुढे होतं. मिशिगनचा मुख्य रनिंग बॅक ब्लेक कोरम दुखापतीमुळे जेमतेम दोनदा चेंडू घेऊन बाहेर बसला होता. कागदावर सगळं ओहायोच्या बाजूने. सामना ४५-२३ असा मिशिगनने नेला. त्यांच्या सहा टचडाऊनपैकी (चेंडू थेट गोलरेषेपार) पाच ६९, ७५, ४५, ७५ आणि ८५ यार्डांचे. शेवटच्या दोन धावा डोनोव्हन एडवर्ड्सच्या, हाताला प्लास्टर असलेल्या मुलाच्या.

दहापैकी नऊ प्लेला दोन यार्ड देणारा आणि दहाव्याला पंचाहत्तर देणारा डिफेन्स खुणांच्या हिशोबात छान दिसतो. म्हणून शेवटच्या पानावर मी वीस यार्डांवरचे प्ले वेगळे लिहितो आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न: मागे सेफ्टी किती होते? उत्तर वारंवार 'एकही नाही' येत असेल, तर तो डिफेन्स जुगार खेळतोय. तो शनिवारी बुडेलच असं नाही, पण बुडाला तर कुठे बुडेल हे आधी कळतं.

खुणा चोरू नका, दुखापती वाचा

पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्याला स्वतः जाऊन हेरगिरी करायला कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएची १९९४पासून बंदी आहे. २०२३मध्ये मिशिगनचं खुणाचोरीचं प्रकरण गाजलं ते यावरूनच, आणि तिथले तेव्हाचे प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना त्यांच्या परिषदेने, बिग टेनने, तीन सामने बाहेर बसवलं. २०२४पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्येच प्रशिक्षकांचा आवाज जातो, स्नॅपच्या घड्याळावर पंधरा सेकंद उरले की बंद होतो. तुम्ही-आम्ही घरून टीव्ही बघणारे, आपल्याला बंदी नाही. पण मैदानाच्या कडेला हात हलवून प्ले कळवणाऱ्या पोरांकडे बघून प्ले ओळखायच्या भानगडीत पडू नका, त्यातले निम्मे हात फसवायलाच हलतात.

त्यापेक्षा बुधवारी रात्री एसईसीचा (अलाबामा, व्हँडरबिल्ट ज्या परिषदेत आहेत तिचा) उपलब्धतेचा तक्ता बघा, कोण खेळणार आणि कोण जखमी ते कळतं. २०२४पासून परिषदेतल्या सामन्यांआधी तो जाहीर होतो. बिग टेनवाल्यांचा तक्ता सामन्याच्या दोन तास आधी येतो, म्हणजे तिथे वहीत दोन पर्याय लिहून ठेवावे लागतात.

माझ्या गुरुवारच्या मेसेजची पहिली ओळ आता ठरलेली आहे: क्वार्टरबॅक मूळचा कुठला, याआधी कुठे होता, प्ले कुणाच्या शब्दावर चालतो. ग्रुपवरच्या एका वहिनींनी ती वाचून लिहिलं, 'भाऊजी, मॅच बघताय की स्थळ?'