काउंटीच्या बजेट ऑफिसात काम करायचं असेल तर

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात 'मी काउंटीत काम करते' असं सांगितलं की ओळखीतली माणसं दोनच गोष्टी विचारतात. 'म्हणजे नगरपालिका का?' आणि जरा ओळख वाढली की 'पगार कमी असेल ना?' पगार इथल्या टेक कंपन्यांपेक्षा कमी आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण काउंटी म्हणजे नगरपालिका नव्हे. पब्लिक पॉलिसी शिकून किंवा भारतातला हिशेबाचा अनुभव घेऊन इथे आलेली बरीच मुलंमुली या नोकऱ्यांकडे फिरकतसुद्धा नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

कॅलिफोर्नियात 58 काउंट्या आहेत. कारभार सहसा पाच निवडून आलेल्या सुपरवायझरांच्या बोर्डाकडे असतो. सॅन फ्रान्सिस्को हे शहरही आहे आणि काउंटीही, तिथे अकरा. जिल्हा परिषद, कलेक्टर कचेरी, तहसील, सिव्हिल हॉस्पिटल आणि तुरुंग एकाच मंडळाखाली आणले तर जे होईल, साधारण ते. निवडणुका काउंटी घेते, मालमत्ता कर काउंटी गोळा करते, जन्ममृत्यूचे दाखले देते, बालसंरक्षणाचं खातं चालवते. शहराच्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांचे रस्ते आणि बांधकाम परवानेही तिच्याकडेच.

सांता क्लारा काउंटी घ्या, कारण आपली माणसं तिथे भरपूर आहेत. पंधरा शहरं, आणि बजेट दहा अब्ज डॉलरांच्या पुढे. एवढा आकडा बघून नवख्याला वाटतं, पैशाला काय तोटा! तो आकडा फुगण्याचं मोठं कारण म्हणजे काउंटीची स्वतःची हॉस्पिटलं. दिवाळखोरीत निघालेल्या मालकाकडून 2019 मध्ये तिने आणखी दोन विकत घेतली. आणि एकूण रकमेतला मोठा हिस्सा वॉशिंग्टनहून (केंद्राकडून) किंवा सॅक्रामेंटोहून (राज्याकडून) अटी लावूनच येतो. मेडी-कॅल (गरिबांचा आरोग्यविमा), कॅलफ्रेश (अन्नधान्यासाठी मदत) यांचे नियम वर ठरतात, अर्ज तपासणारा माणूस मात्र काउंटीचा. जिल्हा परिषदेत काम केलेल्यांना लगेच कळेल: बोर्डाला मनासारखा खर्च करता येईल असा पैसा म्हणजे तिकडचा शेष फंड. एकूण रकमेपुढे तो फारच लहान असतो.

म्हणून पहिल्या वर्षी एकच सवय लावून घ्या. बजेटमधली कुठलीही ओळ समोर आली की आधी 'हा पैसा कुणाचा आणि कशासाठी दिलेला' हे शोधायचं. रक्कम नंतर बघायची. 2004 मध्ये मतदारांनी प्रॉपोझिशन 63 (प्रॉपोझिशन म्हणजे थेट मतदानाला टाकलेला प्रस्ताव) मंजूर करून दहा लाख डॉलरांवरच्या वैयक्तिक उत्पन्नावर एक टक्का जादा कर बसवला. तो पैसा मानसिक आरोग्याचाच होता; 2024 च्या प्रॉपोझिशन 1 ने त्यात व्यसनमुक्तीचे उपचारही आणले. पेट्रोलवरच्या करातून येणारा हिस्सा रस्त्यांचा. बैठकीत कुणीतरी हमखास विचारतं, 'त्या फंडात एवढे शिल्लक आहेत, ते इकडे का वळवत नाही?' याचं उत्तर दोन ओळींत, कलमासकट आणि न चिडता देता आलं की तुमचं नाव लक्षात राहतं. माझ्या मते बजेट अॅनालिस्टच्या कामाचा निम्मा भाग हाच आहे. एक्सेल कुणालाही येतं.

मालमत्ता कर तर मुळापासून समजून घ्या. 1978 च्या प्रॉपोझिशन 13 ने मूळ दर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला आणि करासाठी धरलेलं मूल्य वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्केच वाढेल असं ठरवलं. घर विकलं गेलं की मूल्य नव्याने लागतं. त्यामुळे एकाच गल्लीत सारख्या दोन घरांचा कर कितीतरी पटींनी वेगळा असतो. ज्यांनी नुकतंच घर घेतलंय त्यांना ही जखम ठाऊक आहे! बिल काउंटीचं येतं, दहा डिसेंबर आणि दहा एप्रिल या तारखा चुकल्या तर दंडही काउंटीच लावते, पण जमलेला पैसा काउंटीबरोबर शाळा, शहरं आणि स्पेशल डिस्ट्रिक्ट (एखादंच काम बघणाऱ्या स्वतंत्र संस्था) यांच्यातही वाटला जातो. शिव्या मात्र वाटल्या जात नाहीत.

आता पाणी. मला या कामातला सगळ्यात रस असलेला भाग हा, आणि बाहेरच्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळही इथेच. सांता क्लारा काउंटीचं पाणी काउंटी सरकार सांभाळत नाही. त्यासाठी व्हॅली वॉटर नावाचा वेगळा डिस्ट्रिक्ट आहे, त्याचे सात संचालक वेगळे निवडून येतात, बजेट वेगळं, कर्ज वेगळं. 1929 मध्ये त्याची सुरुवात झाली ती जमीन खचत होती म्हणून. फळबागांसाठी आणि पुढे वाढत्या शहरांसाठी इतका उपसा झाला की गेल्या शतकात सॅन होजेची जमीन काही ठिकाणी सुमारे तेरा फूट खाली गेली. डोंगरात धरणं बांधून ते पाणी पाझर तलावांत सोडायचं आणि जमिनीत मुरवायचं, ही योजना तेव्हाची. आपल्याकडच्या पाणलोटाच्या कामांवर वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. तरीही तेवढ्याने भागलं नाही. साठच्या दशकात कालव्याने बाहेरचं पाणी आलं, तेव्हा कुठे सत्तरच्या आसपास खचणं थांबलं.

काउंटीतलं सगळ्यात मोठं धरण अँडरसन. 1950 साली बांधलेलं, क्षमता सुमारे 90,000 एकर-फूट, म्हणजे चार टीएमसीच्या जरा आत, खडकवासल्याच्या दुप्पट. भूकंपात ते टिकेल का, या शंकेपायी केंद्रीय नियामकांनी 2020 मध्ये ते रिकामं करायला लावलं आणि दुरुस्तीचं काम काढलं गेलं. आपला इथे काय संबंध, असं बजेट ऑफिसातल्या नवख्याला वाटतं. संबंध असा: धरण डिस्ट्रिक्टचं, पण धरणाखालच्या वस्तीला घर सोडायला लावायची वेळ आली तर शेरीफ, निवारे आणि आपत्कालीन कक्ष काउंटीचे. 2017 च्या फेब्रुवारीत अँडरसन भरून वाहिलं, कोयोटी क्रीकला पूर आला आणि सॅन होजेत हजारो लोकांना घरं सोडावी लागली.

दुसऱ्या काउंट्यांत चित्र वेगळं. 2014 च्या भूजल कायद्याने राज्यातल्या महत्त्वाच्या भूजल खोऱ्यांसाठी स्थानिक संस्था नेमून आराखडे करायला लावले. जो भाग कुणीच घेतला नाही, तो काउंटीच्या गळ्यात पडतो असं कायदाच धरून चालतो. सेंट्रल व्हॅलीतल्या ग्रामीण काउंटीत काम मिळालं तर विहिरींचे परवाने, उपशाचे मीटर आणि चिडलेले बदामवाले शेतकरी तुमच्या टेबलावर येतील. माझं प्रामाणिक मत विचाराल तर शिकायला ती जागा बे एरियापेक्षा चांगली. तिथे माणसं कमी, म्हणून एकच अॅनालिस्ट सगळं बघतो.

पाणीपट्टीबद्दल एक गोष्ट आधीच वाचून ठेवा, प्रॉपोझिशन 218, साल 1996. सेवेचा जो खर्च, त्याहून जास्त दर लावता येत नाही. सुनावणीच्या 45 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. आणि निम्म्याहून जास्त मालमत्तांकडून लेखी विरोध आला तर दरवाढ बाद. जास्त वापराला चढा दर लावून पाणी वाचवावं, हा विचार सगळ्यांना सुचतो. पण सॅन ह्वान कॅपिस्ट्रानो शहराच्या खटल्यात 2015 मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की प्रत्येक टप्प्याचा दर त्या टप्प्याच्या प्रत्यक्ष खर्चाशी जुळलाच पाहिजे. मुलाखतीत 'टेलिस्कोपिक दर लावू' असं सहज बोलून जाऊ नका.

वर्षाचं वेळापत्रक पाठ असू द्या. आर्थिक वर्ष एक जुलैला सुरू होतं. दहा जानेवारीपर्यंत गव्हर्नरचं बजेट, मेच्या मध्यात त्याची सुधारित आवृत्ती, जूनमध्ये बोर्डापुढे सुनावण्या. फेब्रुवारी ते जून रजा मागायची नाही. मेमधल्या लग्नाला भारतात जाणं विसरा, डिसेंबरातली लग्नं गाठा. अजेंडा बैठकीच्या 72 तास आधी लावणं ब्राऊन अॅक्टने (खुल्या बैठकांच्या राज्य कायद्याने) बंधनकारक आहे, तेव्हा 'उद्या जोडू' हा प्रकार इथे चालत नाही.

आता अर्जाबद्दल. ऑफिसातल्या अशा कामांसाठी काउंट्या सहसा व्हिसा स्पॉन्सर करत नाहीत, त्यामुळे ग्रीन कार्ड किंवा कामाची परवानगी हातात असलेल्यांसाठीच हा रस्ता. अर्जात पुरवणी प्रश्न असतात. तिथे 'रेझ्युमे पाहा' लिहिलं की अर्ज बाजूला पडतो, कारण गुण त्या उत्तरांनाच मिळतात. मुलाखतीत तीन-चार जण सगळ्यांना तेच प्रश्न वाचून दाखवतात, मान खाली घालून लिहीत राहतात आणि हसतही नाहीत. मुलाखत बिघडली असं त्यावरून समजू नका. आपल्याला 'आम्ही केलं' म्हणायची सवय असते; तिथे तुम्ही स्वतः काय केलंत तेच सांगा. निकालाला महिने लागू शकतात.

ज्यांना परवानगी अजून नाही, विशेषतः डिपेंडंट व्हिसावर घरी बसलेल्यांनी, काउंटीच्या सल्लागार समित्या बघाव्यात. 2019 च्या राज्य कायद्यानुसार नेमणुकीच्या पदांना नागरिकत्वाची अट नाही. मानधन असेल तर आधी वकिलाला विचारा. आणि सिव्हिल ग्रँड ज्युरीचे अहवाल वाचा. दरवर्षी प्रत्येक काउंटीत साधे नागरिक स्थानिक कारभाराची चौकशी करून ते लिहितात, आणि बोर्डाला नव्वद दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बजेटच्या जाड खंडात जे सापडत नाही ते तिथे असतं.

नव्या जागांच्या जाहिराती बजेट मंजूर झाल्यावर, म्हणजे जुलैनंतर निघायला लागतात. नोकरभरती गोठवलेली असेल तेव्हाही 'एक्स्ट्रा हेल्प' नावाच्या तात्पुरत्या जागा भरल्या जातात; त्यांना निवृत्तिवेतन नसलं तरी आत शिरायला त्या पुरतात.