राज्यशास्त्राला नवे आहात? तो सहा खान्यांचा तक्ता पाठ करण्याआधी हे वाचा

बीएच्या पहिल्या वर्षाची पोरं, एमएला नवीन आलेले, स्पर्धा परीक्षेसाठी हा विषय हाती घेतलेले, सगळ्यांचा मला एकच मेसेज येतो की सर राजकीय विचारांची सुरुवात कुठून करू आणि नोट्स असतील तर पाठवा. मी नागपुरात तासिका तत्त्वावर शिकवतो, प्राध्यापकीची नेट परीक्षा पास होऊनही कायम जागेची वाट अजून पाहूनच राहिलो, तेव्हा हा विषय घेतला की करिअर सेट होते असं मी कोणालाच सांगणार नाही. पण विषय नीट कसा शिकायचा हे सांगू शकतो. प्लेटो, अॅरिस्टॉटल, हॉब्ज कोण होते एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

सगळ्यात मोठा खड्डा अॅरिस्टॉटलच्या सहा खान्यांच्या तक्त्यात आहे, आणि त्यातून बाहेर यायला मला स्वतःला फार वेळ लागला, म्हणून यावर जास्त बोलतो. तक्ता सगळ्यांना येतो. एकाचं राज्य, थोड्यांचं राज्य, अनेकांचं राज्य. सगळ्यांच्या हिताचं असेल तर राजेशाही, अभिजनशाही, पॉलिटी, आणि सत्ताधाऱ्यांच्याच हिताचं असेल तर जुलूमशाही, अल्पजनशाही, लोकशाही. झालं, पाठ झालं, पेपरात चौकट काढली, आठ मार्क मिळाले असं वाटते. पण 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात हा तक्ता दिल्यावर लगेच पुढच्याच प्रकरणात अॅरिस्टॉटल स्वतःच त्याला धक्का देतो आणि ते प्रकरण कोणीच वाचत नाही. तो विचारतो, समजा एखाद्या नगरात श्रीमंतच जास्त आहेत आणि त्यांच्याच हातात सत्ता आहे, तर त्याला लोकशाही म्हणाल का? आणि गरीब थोडेच आहेत पण राज्य त्यांचं आहे, तर ती अल्पजनशाही होते का? त्याचं उत्तर असं की आकडा हा योगायोग आहे. सगळीकडे श्रीमंत थोडे असतात आणि गरीब जास्त असतात म्हणून आपल्याला आकडा दिसतो, खरा फरक गरिबी आणि श्रीमंतीचा आहे. म्हणजे तक्त्यातली ओळ डोकी मोजते, आणि तक्ता लिहिणारा माणूस स्वतःच सांगून राहिला की डोकी मोजू नका, सत्ता कोणत्या वर्गाच्या हातात आहे ते बघा. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा पेपर सोपा होतो, कारण मग 'लोकशाही म्हणजे बहुसंख्यांचं राज्य' हे वाक्य तुम्ही डोळे झाकून लिहीतच नाही.

आता याच्या पुढचं बघा. चौथ्या भागात तो म्हणतो की पदं चिठ्ठ्या टाकून भरणं ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक घेणं ही अल्पजनशाहीची रीत समजली जाते. आपल्याला हे उलटं वाटते. पण अथेन्समध्ये पाचशे जणांची परिषद दहा जमातींमधून प्रत्येकी पन्नास अशी चिठ्ठीनेच निवडायचे, आणि सेनापती मात्र मतदानाने. चिठ्ठीत सगळ्यांना सारखी संधी असते, निवडणुकीत ज्याच्याकडे नाव, घराणं, पैसा आहे तो पुढे जातो. एवढं कारण समजलं की पाठ करायची गरजच राहत नाही.

पण इथेच थांबू नका. चिठ्ठी टाकली हे ठीक, चिठ्ठीवर नाव कोणाचं होतं? बायका नाहीत, गुलाम नाहीत, बाहेरून येऊन राहिलेले लोक नाहीत. इ.स.पू. ४५१ च्या कायद्यानंतर तर आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच नागरिक. खुद्द अॅरिस्टॉटल स्टॅगिरा या दुसऱ्या नगराचा, कित्येक वर्षं अथेन्समध्ये शिकला आणि शिकवलं, पण तिथला नागरिक नव्हता. आपल्याकडे तमिळनाडूत उत्तिरमेरूरला चोळांच्या काळातले शिलालेख आहेत, दहाव्या शतकातले, त्यात गावसभेच्या समित्यांसाठी मडक्यातून चिठ्ठ्या काढायची पद्धत दिली आहे. कोचिंगवाले हे 'प्राचीन भारतीय लोकशाही' म्हणून एका ओळीत सांगतात आणि पुढे जातात. त्याच शिलालेखात अट आहे, कर भरणारी स्वतःची जमीन पाहिजे, स्वतःच्या जागेवर घर पाहिजे, वय पस्तीस ते सत्तर, वेदांचं ज्ञान पाहिजे. आणि हेही आहे की आधी समितीवर असताना ज्यानं हिशेब दिला नाही त्याचं नाव मडक्यात टाकायचं नाही, जे मला फार आवडते. दोन्ही गोष्टी लिहा. एक लिहून दुसरी गाळणारा माणूस विषय शिकवत नाही, प्रचार करतो.

आता सुरुवातीचे कायदे. इथे तर शॉर्टकटनं पार वाट लावली आहे. बॅबिलोनचा राजा हामुराबी म्हटलं की 'डोळ्यास डोळा', संपलं. अरे पण ती संहिता फुकट मिळते नेटवर, इंग्रजी भाषांतरात, २८२ कलमं, एका संध्याकाळी वाचून होते. कलम १९६ म्हणते, प्रतिष्ठित माणसानं दुसऱ्या प्रतिष्ठित माणसाचा डोळा फोडला तर त्याचा डोळा फोडा. बरोबर. पुढे वाचा. १९८, सामान्य माणसाचा डोळा फोडला तर एक मिना चांदी द्या, म्हणजे साधारण अर्धा किलो. १९९, कोणाच्या गुलामाचा डोळा फोडला तर त्या गुलामाच्या किमतीच्या निम्मे पैसे. म्हणजे डोळ्यास डोळा फक्त बरोबरीच्या माणसांत होता, खाली गेलं की चांदी, अजून खाली गेलं की मालाची नुकसानभरपाई. आणि हाच राजा त्या दगडावर लिहितो की बलवानानं दुबळ्याला छळू नये, विधवेला आणि अनाथाला न्याय मिळावा म्हणून मी हे कोरलं. दोन्ही एकाच दगडावर. तो दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, सापडला इराणातल्या सुसाला १९०१ च्या सुमारास.

दुसरी एक चूक गाईडमध्ये हमखास असते, की आधी सूड होता आणि मग हळूहळू दंड आला. हामुराबीच्या काही शतकं आधीची, सुमेरच्या उर-नम्मू राजाची संहिता आहे, तिच्यात डोळा फोडला तर अर्धा मिना चांदी आहे. जुनी संहिता पैशावर भागवते, नंतरची डोळा मागते. इतिहास सरळ रेषेत जाते हे डोक्यातून काढा.

रोमचे बारा तक्ते घ्या, इ.स.पू. ४५१-४५०. कायदा लिहून द्या म्हणून सामान्य प्लेबियन लोक भांडले, कारण न लिहिलेला कायदा सगळा पॅट्रिशियनांच्या, म्हणजे उच्चकुलीनांच्या, तोंडात होता. लिहून मिळाला, तर त्यातच निघालं की पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांच्यात लग्न होणार नाही. ते कलम जायला इ.स.पू. ४४५ उजाडलं. कायदा लिहिला जाणं आणि कायदा सारखा असणं या दोन वेगळ्या लढाया आहेत, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो.

आणि मग मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडा. शिवीगाळीचा दंड बघा. क्षत्रियानं ब्राह्मणाला शिवी दिली तर शंभर पण (तेव्हाचं नाणं), वैश्यानं दिली तर दीडशे किंवा दोनशे, शूद्रानं दिली तर शारीरिक शिक्षा. उलट ब्राह्मणानं दिली तर क्षत्रियासाठी पन्नास, वैश्यासाठी पंचवीस, शूद्रासाठी बारा. हामुराबीच्या १९६ ते १९९ शेजारी हे ठेवून वाचा, ढाचा तोच दिसेल. प्रामाणिकपणे हेही लिहा की त्याच अध्यायात चोरीसाठी मात्र वर चढत जाणारा दोष सांगितला आहे, शूद्राला आठपट तर ब्राह्मणाला चौसष्टपट. एवढं लिहिलं की तपासणाऱ्याला कळते की पोरानं मूळ वाचलं आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली ती का, हे तुम्हाला तेव्हा आतून कळेल, आणि संविधानाचं कलम १४, कायद्यापुढे सगळे समान, हे पाठ करावं लागणार नाही. नागपूरच्या पोरांना तर हे जवळचं आहे. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथून बाबासाहेबांचे खंड घ्या आणि २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण पूर्ण वाचा. भिक्खू संघात ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं होतं असं ते त्यात सांगतात.

गाईडबद्दल माझं मत स्पष्ट आहे. परीक्षेच्या आधी चार दिवस गाईड ठीक, त्याआधी हातात घेऊ नका. 'एका व्हिडिओत संपूर्ण राजकीय विचार' वगैरे बघून तुम्हाला समजल्यासारखं वाटते आणि तीच सगळ्यात घातक गोष्ट आहे. मार्गदर्शक निवडताना एवढंच बघा, तो तुम्हाला नोट्स देतो का मूळ पान उघडायला लावतो. नोट्स देणारा माणूस गोड असतो, त्याच्याकडे गर्दी असते, पण दोन वर्षांनी तुम्ही त्याच्याच वाक्यात बोलून राहता. आणि ज्यांना रोज तासभरही मूळ मजकूर वाचायचा नाही त्यांनी खरंच दुसरा विषय घ्यावा, हे मी चिडून नाही बोलत.

पण घाबरू नका. पहिल्यांदा वाचताना दहा ओळींतल्या सात डोक्यावरून जातात, सगळ्यांच्याच जातात. मराठी मीडियमवाल्यांनी तर अजिबात दबून राहायचं नाही, अॅरिस्टॉटल तुमच्या इंग्रजी मीडियमच्या मित्रानंही भाषांतरातच वाचला आहे. हळू वाचा, शेजारी वही ठेवा, प्रत्येक पानावर एकच प्रश्न लिहा, यात कोण मोजलं गेलं आणि कोण बाहेर राहिलं.

हाच प्रश्न सामाजिक करारालाही, म्हणजे राज्य लोकांच्या आपसातल्या करारातून आलं या विचारालाही लावा. हॉब्जचं 'लेव्हायथन' १६५१ चं, दोन वर्षं आधी इंग्लंडनं आपल्या राजाचं डोकं उडवलेलं, म्हणून त्याला काहीही करून शांतता पाहिजे. लॉक इंग्लंडात राजा बदलणाऱ्या १६८८ च्या क्रांतीच्या बाजूचा, त्याला राजा बदलायचा हक्क पाहिजे. तारखा लक्षात ठेवल्या की युक्तिवाद आपोआप लक्षात राहतो. मी वर्गात याच्यासोबत आपला नागपूर करार घेतो, विदर्भ मराठी राज्यात सामील करण्यासाठी नेत्यांनी केलेला, २८ सप्टेंबर १९५३. दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात झालंच पाहिजे ही गोष्ट त्यातून आली. सह्या नेत्यांच्या होत्या. विदर्भातल्या शेतकऱ्याला कोणी विचारलं होतं का, मग तो करार त्याच्यावर बंधनकारक कसा, आणि पाळला नाही तर त्यानं काय करायचं? हॉब्ज, लॉक आणि रूसो या एका प्रश्नावर तीन वेगळी उत्तरं देतील, ती लिहून बघा. जमलं तर डिसेंबरात ओळखीच्या आमदाराकडून प्रेक्षक गॅलरीचा पास काढा आणि सिव्हिल लाइन्सला विधानभवनात एक दिवस बसून या, लक्षवेधी आणि हरकतीचा मुद्दा हे पुस्तकातून कळत नाही.

क्रम विचाराल तर माझा असा आहे. आधी हामुराबी, मग मनुस्मृतीचा सातवा-आठवा अध्याय. सातव्यात राजा आठ देवांच्या अंशांतून बनवला असं येते, त्याच्या लगेच नंतर दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातलं अग्गञ्ञ सुत्त वाचा. तिथे भांडणं वाढली म्हणून लोक एकत्र येतात, आपल्यातलाच एक लायक माणूस निवडतात, त्याला महासंमत, म्हणजे सगळ्यांनी मान्य केलेला, म्हणतात आणि कामाबद्दल आपल्या भातातला वाटा देतात. मग अॅरिस्टॉटलचा तिसरा भाग. कौटिल्याचं 'अर्थशास्त्र' त्यानंतर, सप्तांगांपासून, म्हणजे राज्याच्या सात अंगांपासून, आणि संघांवरचं, म्हणजे गणराज्यांवरचं, अकरावं अधिकरण सोडू नका. प्लेटोचं 'रिपब्लिक' सगळ्यात शेवटी ठेवा, बाकीचे प्राध्यापक याला विरोध करतील, पण माझ्या पोरांना असंच झेपते.