स्कॅप रक्त तपासत नाही: कोलेस्टेरॉलच्या धड्यातल्या या चुका टाळा

बेळगावात बी.एस्सी.ला जीवरसायन शिकवताना दर वर्षी तीच चूक तपासतो. आमची खानापूर-निपाणीकडची मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात, पीयूसीपासून, म्हणजे अकरावीपासून, इंग्रजीत. मग ‘मेंब्रेन’ वाचलं की पेशीचं बाहेरचं पटलच डोळ्यांसमोर येतं आणि स्कॅप नावाचं प्रथिन तिथं चिकटवून मोकळी होतात. स्कॅप असतं पेशीच्या आत, आंतर्द्रव्यजालिका नावाच्या जाळ्याच्या पटलात. त्या पटलात कोलेस्टेरॉल किती आहे तेवढंच त्याला कळतं.

एका सेमिनारला माझ्या विद्यार्थ्यानं देखणा तक्ता आणला होता. स्कॅप बाहेरच्या पटलावर, रक्ताकडून त्याच्याकडे लाल बाण. आता, रक्तात कोलेस्टेरॉल एलडीएल नावाच्या कणांतून फिरतं आणि पेशीच्या बाहेरच्या पटलावरची ग्राही नावाची प्रथिनं ते कण पकडून आत घेतात. परीक्षक बाईंनी एकच विचारलं, “जन्मतःच एलडीएलचे ग्राही नसलेल्या रुग्णाच्या रक्तात कोलेस्टेरॉल भरमसाट असतं. मग त्याच्या पेशी ते बनवायचं थांबवत का नाहीत?” पोरगा गप्प. तक्ता आदल्या रात्री मोबाईलवरच्या चित्रावरून उतरवलेला. ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी अशाच रुग्णांच्या त्वचेतल्या पेशी वाढवून हे कोडं सोडवलं, 1985चं नोबेल मिळवलं. दारात ग्राही नाही म्हणून एलडीएल आत येत नाही. बाहेर पूर असला तरी आत टंचाईच.

तेव्हापासून मी नावं पाठ करू देत नाही. आधी दोन पटलं काढा. ग्राही बाहेरच्यावर, स्कॅप आतल्यात. टंचाई झाली की स्कॅप एसआरईबीपी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला पेशीतल्याच गॉल्गी या भागाकडे नेतं, तिथं दोन विकरं (एन्झाइम) त्याला कापतात आणि सुटलेला तुकडा केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतो: कोलेस्टेरॉल बनवणारी आणि ग्राही बनवणारीसुद्धा. घाईची मुलं हे ‘सुद्धा’ गाळतात, आणि पुढचं सगळं अडतं.

स्कॅप कापत नाही, फक्त वाहून नेतं. तेलाच्या डब्यावरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ला भुलू नका, शेंगतेलात ते नसतंच. आणि कोलेस्टेरॉलला विष म्हणू नका. त्याच्याशिवाय आपल्या पेशींची पटलं टिकणार नाहीत.

दुसरी चूक वर्गाबाहेरची, आणि ती मला जास्त लागते. शहापुरातले आमचे शेजारी काका म्हणाले, “रिपोर्ट नॉर्मल आलाय की वो सर, आता गोळी कशाला?” कुणाला न विचारता त्यांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, बंद केलं. तीन महिन्यांनी एलडीएल पुन्हा होतं तिथं. मी रिपोर्टच्या पाठीमागं तीच दोन पटलं काढली. गोळी कोलेस्टेरॉल बनवणारं विकर अडवते, यकृताच्या पेशीत टंचाई होते, स्कॅप कामाला लागतं, ग्राही वाढतात आणि रक्तातलं एलडीएल आत ओढलं जातं. नॉर्मल रिपोर्ट हे गोळी चालू असल्याचं फळ.

काकांनी बाहेरच्या पटलावरच्या ग्राहींवर बोट ठेवलं. “म्हणजे गोळी थांबली की ही दारं कमी होतात?”

“होय काका.”

दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन ते डॉक्टरांकडे गेले.